आधी पाय, मग भार

१८ मार्च, मंगळवार

भिंतीवरचा पट्टा आज घासून पुसला. उद्या परत येणार. म्हातारी, म्हणजे सासू माझी, पौषात पडवीच्या पायरीवरून पडली. तेव्हापासून भिंत धरून चालते. हात तेलकट. चुलीपासून न्हाणीपर्यंत काळी रेघ. हाड मोडलं नव्हतं, भ्या बसलं.

आणि वाकली. आधी माझ्याशी भांडायची ती तोंडाला तोंड देऊन. आता माझ्या पायांशी भांडते.

शिळफाट्याला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेली. तिथे व्यायाम करून घेणारी पोरगी आहे, प्राजक्ता. ती दर मंगळवारी देवळाच्या मंडपात म्हाताऱ्या माणसांना चिनी व्यायाम शिकवते. ताय ची म्हणतात. तोल सुधारतो, पाठ सरळ होते, असं म्हणाली. गोळी नाही, सुई नाही. मी म्हटलं, आणते.

येताना मिनीडोर रिक्षात म्हातारी कुरकुरली, "चिन्यांचं आपल्याला काय करायचंय गं?"

"गणपतीला लायटीची माळ लावता, ती कुठली हाय?"

रोज काय केलं ते लिहा, असं प्राजक्ता म्हणाली. चौथी शिकलेली बाई मी. लिहिते. कोण तपासणार आहे.

२५ मार्च

पहिला दिवस. मंडपात दहाबारा म्हातारेकोतारे. प्राजक्ता पुढे. इतकं हळू, इतकं हळू की आमची म्हैस पण याच्यापेक्षा लवकर उठते. एक हात वर जायला एवढा वेळ? माझी तेवढ्यात भाकरी थापून होते.

तिचं म्हणणं असं. डोक्याला दोरी बांधून कोणीतरी वर ओढतंय, असं उभं राहायचं. गुडघे सैल. सगळा भार एका पायावर, दुसरा रिकामा. रिकामा पाय पुढे ठेवायचा, टाच आधी. जागा कळली की मग त्याच्यावर भार द्यायचा. आधी पाय, मग भार. हेच दहा वेळा.

म्हातारीने खुर्ची सोडली नाही. खुर्ची धरून जेवढं होईल तेवढं केलं.

"मावशी, तुम्ही पण या," प्राजक्ता मला म्हणाली.

"मी आणायला आलेय. मला काय धाड भरलीय?"

उभं केलंच. एक पाय उचलला आणि गेले ती सरळ शेजारच्या रिटायर काकांच्या अंगावर. खोपोलीच्या कंपनीत होते ते. म्हणतात, "सांभाळा बाई, माझा एक गुडघा नवा हाय."

सगळे हसले. म्हातारी सगळ्यात जास्त. पौषानंतर पहिल्यांदा हसली. माझ्यावर हसली. हसू दे.

२ एप्रिल

घरी रोज करायचं. सपाट जागा, अडगळ नको, रोज एकच जागा. अंगण ठरवलं.

दोन्ही हात समोरून आडवे, हळू, या बाजूकडून त्या बाजूला, त्याला ढग म्हणतात. म्हातारी म्हणाली, "ढग कसले. सूप धरून पाखडतो तसं हाय." आणि पाखडलं. बरोबर आलं. माझं नाही आलं. माझे हात धावतात.

ढग झाले. पाय झाला नाही.

७ एप्रिल

माझंच चुकलं. लिहिते.

चांगलं काम सुरू केलंय, उघड्या मातीवर कशाला, म्हणून पहाटे अंगण सारवलं. शेण भरपूर, हात मोकळा सोडून. लग्नाला सारवतात तसं. ऊन वर आलं, वरून सुकलं. मला दम कुठला. म्हटलं, चला आई, उभ्या राहा. वरून सुकलं होतं, आत ओलं. म्हातारीने भार दिला आणि पाय सटकला. वृंदावन धरायला गेली, हात पोचला नाही, गुडघ्यावर बसली, मनगट खाली.

मोडलं नाही. सुजलं. हळद लावली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारची लीला कुंपणातून बघत होती. तिने तेवढ्यात माझ्या धाकट्या दिराला, भास्करला, फोन केला. तोंडात तीळ भिजत नाही त्या बाईच्या.

१३ एप्रिल, रविवार

भास्कर आला, गाडी घेऊन. कळंबोलीला असतो तो, तिसऱ्या मजल्यावर.

"वयनी, बास झालं. आईला मी नेतो."

"आनि तिथं काय करणार ती?"

"पडनार तरी नाय. घरात लादी हाय, कमोड हाय, बायको हाय."

"उतरनार कशी?"

"उतरायचं कशाला?"

बघा. म्हणजे वर नेऊन ठेवायचं, डब्यात लोणचं ठेवतात तसं.

तो वाईट नाही. सासरे असेच पडले होते, उठलेच नाहीत. ते त्याने बघितलंय. मी पण बघितलंय. पण घरात आता आम्ही दोघीच. हे गेले त्याला पाच वर्षं झाली. तीस वर्षं भांडतोय मी आणि ती. ती गेली तर मी भांडू कोणाशी, म्हशीशी?

म्हातारी पडवीत बसून सगळं ऐकत होती. मग बोलली. "दसऱ्याचं नवं कोन कापतं आपल्यात?"

भास्कर म्हणाला, "तू."

आमच्या घरात शेतातल्या पहिल्या लोंब्या घरातलं सगळ्यात मोठं माणूस कापून आणतं. बांधावरून चालत जायचं, विळ्याने कापायच्या, दाराला बांधायच्या. सासरे गेल्यापासून तीच.

"मंग दसऱ्याला ये. मी बांधावरनं गेले, कापून आले, तर हितंच राहीन. नाय जमलं, तर तुझ्या गाडीत बसते. मुकाट."

भास्करने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ऐकलंस ना?" पण ती न्हाणीपर्यंत भिंत धरून जाते, आणि बांध हातभर रुंद.

१५ एप्रिल

प्राजक्ताला सगळं सांगितलं. सारवणाचं पण. मला वाटलं ओरडेल. डोक्याला हात लावला तिने, मग म्हणाली, "हे मी सांगायला पाहिजे होतं. कोरडी जमीन म्हणायला विसरले." मग म्हातारीला, "आजी, दसऱ्यापर्यंत वेळ आहे. घाई नको." आणि हे म्हणताना बघितलं माझ्याकडे.

मनगट बांधलंय, तरी म्हातारीने पायाचं केलं. रिकामा, भरला. रिकामा, भरला.

६ मे

आज मंडपात खुर्ची सोडली. कोणी सांगितलं नाही. हात काढला, बस्स. रिटायर काका (नव्या गुडघ्याचे) "अरे वा" म्हणाले तर त्यांच्यावरच डाफरली, "माझ्याकडं काय बघता, तुमचा पाय बघा."

येताना मिनीडोरवाल्याला म्हणाली, "हळू घे रं. आधी पाय, मंग भार." त्याला काही कळलं नाही. मी पदर तोंडाला लावला.

१९ मे

ढग झाले. पाय झाला. घोड्याची आयाळ विंचरतात तसं एक आहे, ते पण झालं. म्हातारी म्हणते, "घोडा कुठं बघितलाय, मी म्हशीचं करते."

माझा मेला अजून तोल जातो. मी एक पाय उचलला की दुसरा आधीच निघालेला असतो. म्हातारी म्हणाली, "तू लग्नात बोहल्यावर पन अशीच चढली होतीस. नवरा मागं राहिला."

१० जून

पेरणी. वेळ नाही. म्हातारीने एकटीने पडवीत केलं. मी शेतातून आले तर पट्टा बघितला. आठवडा झाला पुसला नव्हता. रेघ होती, पण बारीक, तुटकतुटक. न्हाणीजवळ तर नाहीच.

कोणाला सांगितलं नाही. लीलाला तर मुळीच नाही.

१२ जुलै

लावणी. कंबर मोडली माझी. दिवसभर चिखलात वाकून मागे मागे सरकायचं. संध्याकाळी पडवीत आडवी झाले. म्हातारी समोर उभी, हात हलवतेय हळूहळू. म्हणाली, "ऊठ. जरा पाठ सरळ कर माझ्यासारखी."

तुमच्यासारखी! पौषात जी बाई चतकोर दिसत होती ती मला म्हणते.

उठले. केलं. कंबर जरा हलकी झाली. हे तिला सांगणार नाही.

२२ जुलै

मोठी गोष्ट. लिहून ठेवते.

भाताची पेज उतू गेली म्हणून म्हातारीने मला शिवी दिली. मोठी, जुनी, तिच्या माहेरची. पण शिवी देताना माझ्या डोळ्यांत बघितलं. पायाकडे नाही. तोंडाला तोंड! मान वर, पाठ सरळ, बोट नाकासमोर.

मी शिवी ऐकून हसत बसले. ती आणखी भडकली. मग तिला पण कळलं मी का हसते. मग ती पण.

पेज चुलीवरच सांडली.

१२ ऑगस्ट

कोंबडा. एका पायावर उभं राहायचं, दुसरा गुडघा वर. म्हातारीने केला. मंडपात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी केला तर काका आधीच दोन पावलं बाजूला सरकले. शहाणे झालेत.

फोन, भास्करचा. "आई कशी हाय?" मी म्हटलं, "कोंबडा झालीय." तो म्हणाला, वयनी नीट सांगा. मी म्हटलं, दसऱ्याला बघ.

घरी सागाची फळी अंगणात टाकलीय. बांधाएवढी. तिच्यावरून ये-जा. मी बाजूने चालते, हात न लावता. हात न लावायचं हे माझ्या जिवावर येतं.

९ सप्टेंबर

आज मंडपातून आल्यावर मीच म्हटलं, चला बांधावर. फळीवर जमतं तर तिथं का नाही. प्राजक्ता म्हणाली होती, थांबा अजून. मी थांबते कुठली.

पाचसहा पावलं गेली आणि उभी राहिली. खांबासारखी. पुढे नाही, मागे नाही. दोन्ही बाजूंना भात कमरेएवढं, पाणी खाली चकाकतंय. खेकड्यांनी बांध पोखरलाय, जागोजागी बिळं.

"बांध हलतोय गं."

"बांध नाय हलत. तुमी हलता."

नको होतं बोलायला. तोंड माझं. हात धरून परत आणली. दारात येईपर्यंत भिंतीला हात लावला तिने. संध्याकाळभर भिंत.

१० सप्टें.

ढग नाही, पाय नाही. फळी उभी करून ठेवलीय तिने भिंतीला. मी परत टाकली. तिने परत उभी केली.

रात्री जेवताना म्हणाली, "भास्करला सांग, गाडी घेऊन ये. दसऱ्यापर्यंत कशाला."

मी भाकरी तिच्या ताटात आपटली. "सांगा तुमीच. मला फोन लावायला येत नाय."

येतो. तिला माहीत आहे येतो.

१६ सप्टें.

ओढून नेली मंगळवारी. प्राजक्ताला मी सांगितलं, माझ्यामुळे झालं. मी घाई केली, वर बोलले पण.

प्राजक्ता तिला म्हणाली, "आजी, बांध खरंच हलतो. तुम्हाला कळलं म्हणजे पाय चांगला झाला. आधी कळत नव्हतं." आणि म्हणाली, बघायचं कुठं? पायाकडे नाही. पुढे, जिथे जायचंय तिथे. खाली काय आहे ते पाय सांगेल.

घरी आल्यावर फळी म्हातारीने स्वतः आडवी केली. ती जड आहे, ती फळी.

२० सप्टें.

घटस्थापनेच्या आधी भिंतींना चुना मारला. काळा पट्टा गेला चुन्याखाली. बघू.

२७ सप्टें.

भिंत पांढरी आहे. कोपऱ्यात लीलाच्या नातवाच्या हातांचे ठसे आहेत, ते धरायचे नाहीत.

रोज सकाळी बांधापर्यंत जातो. ती बांधावर, मी रस्त्यावर. जाऊन येते थोडी थोडी पुढे. मी हाक मारत नाही. जीभ दाताखाली धरून उभी राहते.

२ ऑक्टोबर, दसरा

हात अजून चिखलाचे आहेत. लिहिते तरी.

भास्कर काल रात्रीच आला, बायको घेऊन. गाडी दारात. डिकी रिकामी ठेवून आला होता, मी बघितलं. म्हातारीने पण.

सकाळी अंघोळ, नवं लुगडं. विळा घेतला. काठी भास्करने पुढे केली, ती घेतली नाही. रस्त्यावर आम्ही सगळे, लीला पण आलीच. म्हातारी बांधावर चढली. मी मागे. एवढं तरी ठरलं होतं.

किती हळू! बाई गं. टाच, मग तळवा, मग भार. डोकं वर, दोरी बांधल्यासारखं. विळा एका हातात, दुसरा हात बाजूला, ढगासारखा. ऊन चढलं. माझी अशी तडफड झाली मागे. भास्कर रस्त्यावरून ओरडला, "आई, राहू दे गं, मी आनतो!" तिने ऐकलं नाही की ऐकून सोडलं.

अर्ध्यावर खेकड्याने पोखरलेलं होतं. वरून गवत, आत पोकळ. तिने पाय ठेवला आणि कड खाली गेली. सगळी. मातीचं ढेकूळ पाण्यात, डुबुक. माझ्या तोंडातून किंकाळी निघाली.

पण पाय रिकामा होता. भार मागच्या पायावर होता. तिने तो पाय उचलला, सावकाश, कोंबड्यासारखा धरला हवेत, थोडा पुढे ठेवला. जागा बघितली पायाने. भार दिला. गेली पुढे.

मी? मी घाईघाईत तिला धरायला धावले. त्याच भोकावर. आणि गेले आडवी भातात. चिखलात बसले मांडीपर्यंत. पदर, वेणी, सगळं.

म्हातारीने मागे वळून बघितलं नाही. सरळ आमच्या खाचरापर्यंत गेली, लोंब्या कापल्या, कपाळाला लावल्या. तशीच परत आली. माझ्यापाशी थांबली. बांधावर ताठ उभी, हातात भात, आणि मी खाली.

"सुमन, आधी पाय, मंग भार. कितींदा सांगायचं तुला?"

भास्कर धावत आला होता. हसावं का रडावं कळेना त्याला. दोन्ही करत होता. म्हणाला, "मंग आता कोनाला नेऊ?"

म्हातारी म्हणाली, "हिला ने. हिचा तोल गेलाय."

लीला रस्त्यावर बसून हसली. हसू दे. जाऊन सांगू दे सगळ्या गावाला, एकदाचं चांगलं काहीतरी सांगेल.

दाराला नवं बांधलं. लोंब्या, आंब्याची पानं, झेंडू. दोन्ही हात वर करून, स्वतः. मी चिखलानेच उभी, दोरा पुढे केला.

जिंकलो. आम्ही जिंकलो.

३ ऑक्टो.

भास्कर स्वतःच म्हणाला, "वयनी, आई हितंच राहू दे. माझं काय म्हननं नाय." मी शिरा केला. तूप जास्त घातलं.

तो निघायला लागला तर म्हातारी पिशवी घेऊन बाहेर. दोन लुगडी, तपकिरीची डबी.

"कुठं?"

"कळंबोलीला."

"अहो, तुमी जिंकलात ना!"

"म्हनून तर. आता मला कोन नेत नाय. मी जाते. तीन मजले हायेत म्हनतो, बघते कसे हायेत."

"किती दिवस?"

"तू मला विचारनारी कोन गं?" डोळ्यांत बघून. मान वर.

मीच मान वर करायला लावली. सहा महिने.

गाडीत पुढे बसली. पट्टा लावून घेतला.

७ ऑक्टो., मंगळवार

एकटी गेले मंडपात. सगळ्यांनी विचारलं, आजी? मी म्हटलं, फिरायला गेल्यात.

कोंबडा केला. काका सरकले बाजूला. मी उभी राहिले. राहिले उभी! काका परत जागेवर आले. प्राजक्ता म्हणाली, "मावशी, आज घाई नव्हती?"

घरी कोणाची घाई असणार.

१२ ऑक्टो.

भिंत पांढरी. दारावरचं नवं वाळलंय, दाणे चिमण्या काढतात. हाकलत नाही.

फोन आला. तिने स्वतः लावला. मागे बायकांचा कालवा.

"सुमन, हितं गच्चीवर बायका जमतात सकाळी. सगळ्या वाकलेल्या. मी ढग शिकवते."

"जिने?"

"चढते. सावकास. वर पोचले का सगळ्या टाळ्या वाजवतात, येड्या."

"मंग येणार कधी?"

"ह्या म्हनतात दिवाळी करून जा."

"तुमी काय म्हनलात?"

"बघू."

ठेवला.

म्हशीला पाणी दाखवलं. अंगणात फळी अजून आडवीच आहे, तिच्यावरून एकदा जाऊन आले. हळू.

पाय ठेवलाय म्हातारीने तिकडे. भार दिलाय की नाही, ते फोनवर कळत नाही.